पाण्याखालचा टॉर्च घेताना

नमस्कार श्रोतेहो.

धान कापून झालं, दिवाळी सरली की आपल्याकडची पोरं मालवण-तारकर्लीचा बेत आखतात. काहीजण अंदमानलाही जाऊन येतात, एखादा रीतसर स्कुबाचा कोर्सही करून येतो. मग माझ्या दुकानात हमखास विचारणा होते, "भाऊ, रात्रीच्या ओलिताचा टॉर्च चालन का तिकडं?" तालुक्याच्या गावी पंप आणि टॉर्च दुरुस्त करणं हा माझा धंदा, डायव्हिंग ही हौस. म्हणून आज दोन्हीकडून सांगतो.

आधी पैसे वाचवायची गोष्ट. पहिल्यांदाच स्कुबा करणार असाल तर टॉर्च घेऊच नका. ती डुबकी दिवसाची असते, फार खोल नसते आणि इन्स्ट्रक्टर तुमचा हात सोडत नाही. श्वास आणि कान सांभाळता सांभाळताच वेळ संपतो, त्यात हातात आणखी एक वस्तू कशाला? कोर्स केलाय आणि वर्षातून एखाददोनदा जाणं होतं, त्यांच्यासाठी पुढचं. तेही एकाच नाइट डाइव्हपुरतं हवं असेल तर डाइव्ह सेंटरमध्ये भाड्याचं विचारून बघा.

दिवसा टॉर्च कशाला, असं वाटेल. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-सात मीटर खाली गेलं की लाल दुपट्टा मातकट दिसायला लागतो. पुढे नारिंगी जातो, मग पिवळा, आणि उरतो निळा-हिरवा. टॉर्च जवळ नेला की प्रवाळाचे रंग परत येतात, कारण त्या उजेडाला हात-दीड हातच पाणी ओलांडायचं असतं. खडकाच्या कपारीत डोकावायलाही तो लागतो. उजेड लुमेनमध्ये मोजतात, एवढ्या कामाला पाचशे-सातशे लुमेन भरपूर झाले. रात्री उतरायचं असेल तर हजाराच्या आसपासचा एक, आणि तो बंद पडला तर जवळ दुसरा छोटा. रात्री एकाच टॉर्चवर पाण्यात जायचं नाही, हे कोर्समध्येही शिकवतात.

आता मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिरातींकडे येऊ. एका सेलवर वीस हजार लुमेन! तेवढ्या उजेडाला दीडशे वॅटच्या आसपास वीज लागते, आणि टॉर्चमधल्या 18650 सेलची साठवण असते फार तर बारा-तेरा वॅट-तास. मनात आणलं तरी पाच मिनिटांत खेळ खलास. सेलवरच्या आकड्यांचंही तेच. 18650 म्हणजे 18 मिलिमीटर जाडीचा, 65 मिलिमीटर लांबीचा सेल. चांगल्या कंपनीचा असला तरी साठवणीचा आकडा साडेतीन हजार एमएएचच्या फारसा पुढे जात नाही. त्यावर 9900 छापलेलं दिसलं की परत करा. खात्री करायची असेल तर सोनाराच्या काट्यावर ठेवा. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बरेचदा पुष्कळ हलका निघतो.

उजेडापेक्षा झोत कसा आहे ते जास्त बघा. आपला ओलिताचा हेडटॉर्च रुंद पसरतो, बांधी दिसायला तेच बरं. कोकणच्या किनाऱ्यावरचं पाणी मात्र बरेचदा गढूळ असतं. रुंद झोत त्यातल्या कणांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो, पुसाच्या धुक्यात गाडीचा अपर मारल्यासारखा. म्हणून दहा अंशांच्या आतबाहेरचा अरुंद झोत घ्या. शंभर-सव्वाशे अंशांचे व्हिडिओ लाइट मिळतात, ते कॅमेरा असणाऱ्यांसाठी.

खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलंय यावर जाऊ नका. आयपीएक्स हा पाणी रोखण्याचा दर्जा. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढंच. आयपीएक्स 8 म्हणजे त्याहून जास्त, पण किती ते बनवणारा ठरवतो, दोन मीटरही असू शकतं. दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. तेव्हा खोली मीटरमध्ये स्पष्ट छापलेली हवी. तुम्ही अठरा मीटरच्या खाली जाणार नसलात तरी शंभर मीटर लिहिलेलाच घ्या. रबरी झाकणाखाली चार्जिंगचं भोक असलेला नको, सेल काढून बाहेर चार्ज होणारा बरा. बटण चुंबकाचं, म्हणजे सरकपट्टीचं किंवा कड्याचं असलं तर उत्तम, कारण त्यासाठी बॉडीला भोक पाडावं लागत नाही.

खरी राखण करते ती ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या पेचाजवळच्या खाचेत बसणारी रबरी कडी. माझ्याकडे पाणी शिरलेले टॉर्च येतात, त्यातल्या कितीतरी टॉर्चच्या खाचेत एक केस, नाहीतर वाळूचा कण सापडतो. पेचाशी एकाऐवजी दोन रिंगा असलेला टॉर्च निवडा. रिंग काढायला पिन, टाचणी, चाकू वापरू नका, ओरखडा पडला की ती गेली. दोन बोटांनी दोन बाजूंनी दाबत आणा, मध्ये रबर उचलून घडी पडते, ती धरून सरकवा. खाच सुती कापडाने पुसा. कंपनीने दिलेलं ग्रीस चिमूटभर घ्या आणि रबर फक्त चकाकेल एवढंच लावा. जास्त लावलं तर वाळू चिकटते. मशीनचं तेल, व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्याने फुगतात.

नवा टॉर्च थेट समुद्रात नेऊ नका. आपल्याकडे विहिरी आहेत ना! सेल काढा, आत टिश्यू पेपरची सुरळी ठेवा, झाकण घट्ट लावा. दोरीला दगड बांधून टॉर्च तळाशी सोडा. तेहतीस फूट पाणी असेल तर दहा मीटरचा दाब फुकटात मिळाला. तासाभराने ओढा, बाहेरून पुसा, तोंड खाली धरून उघडा. सुरळी कोरडी हवी. हीच परीक्षा नंतर बादलीतही करा, कारण कमी दाबात रिंग खाचेत नीट दबून बसत नाही आणि काही टॉर्च वरच्या पाण्यातच गळतात. सेल काढायचाच, पाणी लागलेला लिथियम सेल बंद नळीत वायू धरू शकतो. आणि टॉर्च दोरीने सोडायचा, तुम्ही उतरायचं नाही. जुन्या विहिरीतल्या कोंदट हवेने आपल्याकडे माणसं गेली आहेत. मामा (माजी मालगुजारी) तलावात किंवा गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात रात्री टॉर्च घेऊन उतरायची कल्पनाही कुणाला सुचत असेल, तर तीही सोडून द्या.

दर विचाराल तर दोन ते चार हजारांत असा साधा, कामाचा टॉर्च मिळतो. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने याहून जास्त घालायला मला तरी कारण दिसत नाही. उरलेले पैसे दोन चांगले सेल आणि साधा, स्वतःहून बंद होणारा चार्जर यात घाला. मनगटाची दोरी फुकट मिळते, ती लावाच.

दुकानात दाखवताना फुल उजेडावर मिनिटभराच्या वर चालू ठेवू नका. हे टॉर्च पाण्याने थंड होतात, हवेत तापतात. समुद्रातून आल्यावर न उघडता अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, सरकपट्टी पाण्यातच दोनचारदा हलवा, म्हणजे मीठ निघतं. विमानाने जाणार असाल तर सुटे सेल हातातल्या सामानात, डबीत घालून न्या. चेक-इनच्या बॅगेत ते चालत नाहीत.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात टिनाच्या खोलीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर सेल ठेवला तर लवकर मरतो. सेल बाहेर काढा, निम्मा चार्ज ठेवा आणि घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. तीन-चार महिन्यांनी एकदा चार्ज तपासून घ्या.

नमस्कार.