फुटपाथचा उतार

चौकात फुटपाथ रस्त्याला मिळतो, तिथला हा काँक्रीटचा छोटासा उतार. उतारावर पिवळी पट्टी आणि पट्टीवर नाण्याएवढे गोल उंचवटे. पांढऱ्या काठीला ते लागले की दृष्टिहीन माणसाला कळतं, पुढे रस्ता आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला इथे उतरायला कुणाला हाक मारावी लागत नाही.

अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी असे उतार केंद्र सरकारच्या एका अनुदानातून बांधले. नाव, कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट. नगरपालिकांच्या कचेऱ्यांत म्हणतात, सीडीबीजी.

22 ऑगस्ट 1974. जेराल्ड फोर्ड अध्यक्ष होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा त्यांनी या अनुदानाच्या कायद्यावर सही केली. तोवर पाणी-गटारांची योजना वेगळी, बागांची वेगळी, जुन्या वस्त्यांच्या पुनर्विकासाची वेगळी. प्रत्येकीसाठी वॉशिंग्टनला स्वतंत्र अर्ज. नव्या कायद्याने हे पैसे एकत्र केले आणि ते कुठे लावायचे, हे शहरावर सोपवलं.

वाटणी सूत्राने होते. लोकसंख्या किती, गरिबी किती, घरांत दाटी किती, 1940 पूर्वीची घरं किती. म्हणून बफेलो, क्लीव्हलँडसारख्या जुन्या कारखानदारी शहरांचं पारडं इथे जड. साधारणपणे पन्नास हजारांवर वस्ती असलेल्या शहरांना पैसे थेट मिळतात. न्यू जर्सीतलं एडिसन, जिथे आपली मराठी घरंही बरीच आहेत, त्यातलंच. लहान गावांना राज्यामार्फत.

एक अट मात्र कडक. किमान 70 टक्के पैसा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या कामी यायलाच हवा. आणि सेवांवर सहसा 15 टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. म्हाताऱ्यांचे जेवणाचे डबे, शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणारी केंद्रं, बेघरांचे निवारे, सगळे त्याच तुकड्यावर. ही मर्यादा मला खटकते. पाइप बदलणं गरजेचंच, पण डबा रोज लागतो.

त्यात मूळ रक्कमच आटत गेली. सुरुवातीला वर्षाला सुमारे 240 कोटी डॉलर होते, अलीकडे सुमारे 330 कोटी. आकडा वाढलेला दिसतो खरा, पण या पन्नास वर्षांत महागाई पाचपटीहून जास्त वाढली. 2017 मध्ये तर ही योजनाच बंद करावी, असा प्रस्ताव व्हाइट हाउसने मांडला होता. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, तो मानला नाही.

पैसा खर्चण्याआधी शहराला वर्षातून किमान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात. सभागृहात एक माइक असतो. तिथे कुणीही उठून सांगू शकतं, आमच्या कोपऱ्यावर अजून उतार नाही. त्या म्हणण्याची नोंद शहराच्या खर्चाच्या आराखड्याला जोडावी लागते. मागणी मान्य केली नसेल, तर का केली नाही, तेही लिहून.