रेकॉर्डिंग ठेवायचं कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

आषाढ सरत आला की भजनी मंडळांच्या तालमींना जोर चढतो. पूर्वी तालमीत एखादा टेपरेकॉर्डर असायचा. आता कोकणात गावागावांत कुणाच्या तरी माडीवर एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, तीन-चार माइक आणि लॅपटॉप असा संसार मांडलेला दिसतो. डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचे बुवा, दशावतारातले पेटीवाले, जाखडीचे शाहीर, नमनाची मंडळी, सगळ्यांनाच आपलं गाणं नीट ध्वनिमुद्रित झालेलं हवं असतं. हे काम करणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न असतो माइक कुठला घेऊ, आणि दुसरा, डिस्क कुठली घेऊ. आज बोलायचंय ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरच्या रेकॉर्डिंगला आपण समजतो तितका वेग लागत नाही. आपण ठेवतो त्यापेक्षा प्रती मात्र जास्त लागतात. दुकानात सगळी चर्चा वेगावर होते, कारण तो आकडा खोक्यावर छापलेला असतो.

जरा हिशेब करू. चांगल्या रेकॉर्डिंगसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट हे माप, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटचा, पुरतं. या मापात एका माइकचा आवाज मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा घेतो, म्हणजे तासाला अर्धा जीबीच्या आसपास. बुवांचा गळा, पेटी, पखवाज दोन्ही बाजूंनी, झांज, कोरसचे दोन आणि खोलीचा एक असे आठ माइक लावले, तरी तासाला चार जीबीच्या थोडं वर. चार तासांची बारी साडेसोळा जीबीत मावते. एक टीबीच्या डिस्कवर अशी आठ ट्रॅकची साधारण दोनशे चाळीस तासांची रेकॉर्डिंग बसतात. काही जण हौसेने ९६ किलोहर्ट्झ लावतात, त्यात सगळं दुप्पट होतं. पडवीतल्या रेकॉर्डिंगमध्ये बेडूक आणि रातकिडे दुप्पट बारकाईने ऐकू यावेत असा हट्ट असेल तर जरूर लावा.

आता वेग. हे आठही ट्रॅक एकाच वेळी लिहिताना डिस्कवर सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी जातं. जुन्या लॅपटॉपमधली मिनिटाला ५४०० फेऱ्यांची साधी हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला ऐंशी एमबी सहज लिहिते. म्हणजे रेकॉर्डिंगच्या ओझ्याने हार्ड डिस्क दमते, हा समज चुकीचा आहे. रेकॉर्डिंग करताना तडतड आवाज आला की मुलं म्हणतात, डिस्क स्लो आहे, एसएसडी टाकू या, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. बहुतेक वेळा दोष बफरचा, म्हणजे आवाज क्षणभर साठवणाऱ्या जागेचा, किंवा प्रोसेसरवरच्या भाराचा असतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर १२८ वरून २५६ किंवा ५१२ करून बघा, वायफाय बंद करा, लॅपटॉप पॉवर सेव्हिंगवर नाही ना ते बघा. एक पैसा न घालवता तडतड जाण्याची शक्यता बरीच असते.

मग एसएसडी नकोच का? हवी, पण तिचं कारण वेगळं आहे. तानपुरा, तबला, व्हायोलिनचा ताफा, पियानो अशी सॅम्पल लायब्ररी, म्हणजे वाद्यांच्या मुद्रित आवाजांचा तयार संच, वापरायला लागलात की डिस्कची खरी परीक्षा सुरू होते. या लायब्ररीत प्रत्येक स्वराच्या, प्रत्येक ठोक्याच्या वेगवेगळ्या फाईल असतात. सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये भरून ठेवलेला असतो आणि बाकीचा भाग तुम्ही वाजवत असताना डिस्कवरून आणला जातो. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं डोकं प्रत्येक वेळी उठून नव्या जागी जातं आणि चकती फिरून तिथे येईपर्यंत थांबतं. या एका खेपेला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. शंभर पानांची पंगत बसली आहे आणि वाढपी एकटा, तशी तिची गत होते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होतं. फक्त माइक लावून भजन रेकॉर्ड करणाऱ्याला हा फरक प्रोजेक्ट उघडताना जाणवेल, रेकॉर्ड करताना नाही.

हार्ड डिस्कचा आणखी एक त्रास म्हणजे तिची घरघर. लॅपटॉप माइकपासून हातभर अंतरावर असला की कंडेन्सर माइक ती हमखास पकडतो. एसएसडीला आवाज नाही. नुसत्या या कारणासाठीसुद्धा मी लॅपटॉपमध्ये एसएसडी टाका असं सांगेन.

कुठली टाकायची ते मशीनवर ठरतं. दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप असेल तर त्यात बहुधा अडीच इंचाची साटा, म्हणजे जुन्या जोडणीची, एसएसडीच बसेल. तिचा वेग साडेपाचशे एमबीच्या घरात थांबतो आणि आपल्याला तो भरपूर होतो. नव्या मशीनमध्ये एम-डॉट-टू नावाची चपटी पट्टी बसते. तिच्यात फसगत अशी की दिसायला सारखी असली तरी काही पट्ट्या साटा असतात, काही एनव्हीएमई, म्हणजे नव्या, जास्त वेगाच्या जोडणीच्या. आपल्या मशीनच्या खाचेत कुठली चालते ते मॉडेल नंबरवरून आधी बघा. एनव्हीएमईचा वेग साडेतीन हजार, सात हजार एमबी असा लिहिलेला असतो. आठ ट्रॅकच्या भजनाला त्यातला सव्वा एमबी लागतो, हे मघाशीच सांगितलं. शिवाय ती तापते. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, दारं-खिडक्या बंद, वर पत्रा किंवा स्लॅब. अशा खोलीत फार तापली की ती स्वतःच वेग कमी करते. तेव्हा हजारो एमबीच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

लिहून लिहून एसएसडी झिजते ही भीतीही आहे. झिजते हे खरं. पण ५०० जीबीच्या कितीतरी चांगल्या एसएसडींना तीनशे टीबी लिहिण्यापर्यंतची हमी असते. रोज दोन तास आठ ट्रॅक रेकॉर्ड केले तर वर्षाला तीन टीबी होतात. त्या हिशेबाने शंभर वर्षं जातील. ती झिजून मरायच्या आधी दुसऱ्याच कशाने तरी मरेल.

आणि स्वस्तातलं सोळा टीबीचं पोर्टेबल एसएसडी दिसलं तर हातसुद्धा लावू नका. आत छोटंसं मेमरी कार्ड असतं आणि ते संगणकाला खोटं माप सांगतं. ते भरलं की पुढच्या फाईल नावापुरत्या दिसतात, आत काही नसतं. नवी डिस्क घेतली की ‘एचटूटेस्टडब्ल्यू’सारख्या फुकट सॉफ्टवेअरने ती पूर्ण भरून वाचून बघावी. रात्रभर लागेल, लागू दे.

आता विजेकडे वळतो, कारण आपल्याकडे पावसाळ्यात ती केव्हा जाईल ते कुणी सांगावं. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून आपण निर्धास्त असतो. पण टेबलावरची मोठी, स्वतःचा अडॅप्टर असलेली हार्ड डिस्क लाईट गेल्याबरोबर बंद पडते आणि चालू रेकॉर्डिंग तिच्यासोबत जातं. म्हणून रेकॉर्डिंग नेहमी आतल्या डिस्कवर करा, नाहीतर यूएसबीवरच वीज घेणाऱ्या छोट्या एसएसडीवर. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लागेलच. घरच्या इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, नाहीतर वीज बदलताना संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढायचा, आणि बॅकअपची डिस्क तर कधीच जोडून ठेवायची नाही.

बॅकअपचा विषय निघालाच आहे. एका वयस्कर बुवांना मी एसएसडी आणि हार्ड डिस्कमधला फरक समजावत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "फास्ट किती ता जावंदे. माझा गाणा थंय रवतला मां?" एवढा नेमका प्रश्न मला कुठल्या दुकानदाराने विचारलेला नाही.

कोकणात गाणं जागेवर राहणं सोपं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडपर्यंत घरांचे पत्रे उडाले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी घरात आलं की लॅपटॉप आणि त्याच कपाटातली बॅकअप डिस्क एकदमच भिजतात. कॅसेटींवर चढलेली पांढरी बुरशी तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे.

म्हणून तीन प्रती. एक कामाची, लॅपटॉपमधल्या एसएसडीवर. दुसरी घरातच, साध्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर. इथे मुद्दाम हार्ड डिस्क, कारण त्याच पैशात जागा कितीतरी जास्त मिळते, आणि एसएसडी वीज न देता कपाटात पडून राहिली, त्यातही उकाड्यात, तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. झिजलेल्या एसएसडीत हे लवकर होतं. एसएसडीवरून चुकून पुसलेली फाईल परत मिळणंही जवळजवळ अशक्य, कारण पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

तिसरी प्रत गावाबाहेर. क्लाउडवर ठेवता येईल, पण तासाचे चार जीबी पाच मेगाबिटच्या अपलोडवर चढवायला पावणेदोन तास लागतात, तेही रेंज टिकली तर. फाईल फ्लॅक या प्रकारात बदलल्यास आवाजाला धक्का न लागता आकार बराच कमी होतो, तेवढा उपयोग करा. शिवाय क्लाउडचं फोल्डर लॅपटॉपशी सिंक केलेलं असेल तर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. त्यापेक्षा आपल्याकडे एक जुनी, खात्रीची सोय आहे, चाकरमानी. गौरी-गणपतीला आलेला भाऊ परत जाताना नारळ, तांदूळ, कोकमं नेतोच, त्याच पिशवीत एक डिस्क द्या. शिमग्याला येताना त्याने ती आणायची, आणि नवीन भरलेली दुसरी घेऊन जायची. अशा दोन डिस्क फिरत्या ठेवल्या की ठाण्या-डोंबिवलीतल्या कपाटात तुमच्या गाण्याची एक प्रत कायम राहते. डिस्क मात्र कपड्यांमध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेत न्यायची, गाडीच्या टपावर नाही.

घरातली डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. खारी हवा यूएसबीच्या पिनांना लवकर खाते. सहा महिन्यांतून एकदा ती जोडून दोन-चार फाईल खरोखर ऐका. नुसती फाईलची यादी दिसली म्हणजे आवाज शाबूत आहे असं होत नाही.

कॉपी करताना होणारा एक घोटाळाही सांगतो. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाईल काही केबींची असते. तिच्यात आवाज नसतोच, आवाज कुठे आहे त्याचा पत्ता असतो. तेवढीच फाईल डिस्कवर टाकून मुलं निश्चिंत होतात. ‘सेव्ह ॲज’ करताना सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याची खूण करा आणि पूर्ण फोल्डर उचला. ऑडॅसिटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३.० पासून, म्हणजे २०२१ पासून, सगळं एकाच फाईलमध्ये असतं, ते बरं. पोर्टेबल डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालवायची असेल तर एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करा. जुन्या फॅट-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, आणि साध्या वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या, फाईललाही तीच मर्यादा आहे. स्टिरिओत सलग चार तासांची बारी नेमकी त्या काठावर येते, तेव्हा मध्यंतरात रेकॉर्डिंग थांबवून नव्याने सुरू करा.

आणि काम संपलं की प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वेव्ह करून वेगळा ठेवा. आजचं सॉफ्टवेअर, त्याचे प्लगइन दहा वर्षांनी असतील याची हमी नाही, वेव्ह मात्र कशातही उघडेल. फोल्डरला तारीख, गाव आणि बुवांचं नाव द्या, आणि डिस्कवर मार्करने वर्ष लिहा. ‘न्यू फोल्डर दोन’मध्ये कुणाची बारी आहे ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

नमस्कार.