कोणती नस?

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'मज्जासंस्था कशी चालते', आणि तो मी सांगणार आहे. पण आधी सगळ्यांनी डावा हात कोपरात वाकवा. उजव्या हाताची दोन बोटं कोपराच्या आतल्या बाजूला जे हाड टोचतं त्याच्या मागच्या खाचेत ठेवा आणि हळूच सरकवा. बोटाखालून दोरीसारखं काही सटकतंय? जरा दाबा. करंगळीत झिणझिण्या येतील, शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागात येतील, मधल्या बोटात येणार नाहीत. पहिल्या रांगेतल्या ताई दचकल्या, म्हणजे त्यांना सापडली.

कुष्ठरोग तपासणारे डॉक्टर हीच दोरी चाचपतात, कारण त्या रोगात ती जाड होते. आनंदवन आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे, तरी अजून लोक म्हणतात की रोग बोटं खातो. रोग बोटं खात नाही. तो ही दोरी निकामी करतो, मग तव्याचा चटका कळत नाही, जखम चिघळलेली कळत नाही, आणि बोटं त्यातून जातात.

तर ही दोरी म्हणजे मज्जातंतूंचा जुडगा. आपण तिला काय म्हणतो? नस. सलाईनची सुई जिथे टोचतात तीही नस. पोटरीवर निळ्या फुगतात त्या नसा. मूठ आवळल्यावर मनगटाशी ताणून दिसते ती खरं तर कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तीही नस. रात्री पायात गोळा आला की 'नसेवर नस चढली', तो तर स्नायू. चार वेगळ्या वस्तू आणि नाव एक. मी पस्तीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवलं. वर्गात कुणी 'नस' म्हटलं की मी विचारायचे, कोणती नस? मुली वैतागायच्या. का विचारायचे ते सांगते.

माझे थोरले काका. एके सकाळी ओट्यावर चहा पीत बसले होते, उजव्या हातातून बशी निसटली. उचलायला गेले तर हात वर येईना. काकूने विचारलं काय झालं, तर शब्द फुटेना, तोंड एका बाजूला ओढलेलं. गल्लीतले चौघे जमले आणि एकमत झालं: नस दबली. शेजारच्या गावात नस मोकळी करून देणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या हाताला गुण होता, मुरगळलेले पाय त्यांनी बरे केलेले मी स्वतः पाहिलेत. त्यांनी दोन तास खांद्यापासून मनगटापर्यंत तेल जिरवलं. हाताला काहीच झालेलं नव्हतं. बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला होता, तिथल्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. उजव्या हाताची सूत्रं डाव्या मेंदूकडे असतात. ती गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि आम्ही मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती.

काका पुढे नऊ वर्षं जगले. त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला, 'बरं'. तहान लागली तरी बरं, नातवंड आलं तरी बरं, राग आला तरी बरं. काकू आवाजाच्या चढउतारावरून ओळखायची. 1861 साली पॅरिसमध्ये ब्रोका या शल्यविशारदाने असाच एक रुग्ण पाहिला होता, तो फक्त 'टॅन' म्हणायचा. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तर इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात. हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत होते, आणि घरात काका 'बरं' म्हणत होते. त्या चौघांना मी दोष देत नाही. त्यांच्याजवळ शब्दच एक होता.

हा घोळ एकट्या मराठीचा नाही. ग्रीकांचा 'न्यूरॉन' म्हणजे मुळात कंडरा, धनुष्याची दोरी. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास अलेक्झांड्रियात हिरोफिलस या ग्रीक वैद्याने मानवी देह उघडून पाहिले, तेव्हा कुठे मज्जातंतू कंडरांपासून वेगळे ओळखले गेले. आपला 'स्नायू' त्याच 'न्यूरॉन'चा भाषेतला भाऊ, दोघांचं मूळ एक. सुश्रुताने 900 स्नायू मोजले, ते सांधे बांधून ठेवणारे बंध, होडीच्या फळ्या बांधाव्या तसे. बंगालीत 'स्नायुतंत्र' म्हणजे मज्जासंस्था. मराठीत स्नायू म्हणजे मांसपेशी. शब्दाने किती प्रवास केला बघा!

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मग भरभर सांगते.

मज्जातंतूत रक्त वाहत नाही, आणि तारेतल्यासारखी वीजही वाहत नाही. एकेक तंतू म्हणजे एका पेशीचा लांबलेला धागा. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा मीटरभर लांब. धाग्याच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आतली बाजू सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण. संदेश आला की धाग्याच्या पडद्यातली बारीक दारं मिलिसेकंदभर उघडतात, सोडियम आत घुसतं, त्याने शेजारची दारं उघडतात. बाजरीच्या शेतावरून वाऱ्याची लाट जाते, कणसं मात्र जागेवरच डुलतात, तसं. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी माकूळ या समुद्री प्राण्याच्या जाड तंतूवर हे मोजलं आणि 1952 मध्ये गणितात मांडलं. दाताच्या डॉक्टरांचं भुलीचं इंजेक्शन हीच दारं बंद करतं. कोकणातल्या लाल विंचवाचं विष ती वेळेवर मिटू देत नाही, म्हणून छातीत वादळ उठतं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले ते तुम्हाला माहीत आहेच.

वेग. काही तंतूंवर चरबीची वेटोळी असतात, तिथे संदेश उड्या मारत सेकंदाला 50 मीटर किंवा त्याहूनही जोरात जातो. उघड्या बारीक तंतूंवर जेमतेम मीटरभर. ठेच लागली की लागल्याचं आधी कळतं आणि ठणका मागून येतो, तो यामुळे.

एक पेशी दुसरीला चिकटलेली नसते, हे काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचं म्हणणं. इटलीचा शास्त्रज्ञ गॉल्जी ते मानत नव्हता, तरी 1906 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. मधल्या फटीतून संदेश रसायनाने ओलांडतो. 1921 मध्ये लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या एका हृदयाचा मज्जातंतू चेतवून ते मंद केलं, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं आणि दुसरंही मंदावलं.

पुन्हा चिठ्ठी आली, थांबते. ज्यांना कोपरातला तंतू सापडला नाही त्यांनी चहाच्या टेबलाशी माझ्याकडे या, हातात हात घेऊन दाखवते.