आवाज येतात का?

(परळ येथे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आज मी तुम्हाला आधी माझी एक चूक सांगणार आहे. नोकरीला लागून सहा महिने झाले होते आणि मानसोपचार वॉर्डातली ती माझी पहिलीच ड्युटी होती. वॉर्डाच्या मागूनच लोकलचे रूळ जायचे. पन्नाशीच्या एक बाई दाखल झाल्या. गाव सावंतवाडीकडचं, राहायला लालबागच्या चाळीत. घरच्यांची तक्रार एवढीच, की जेवत नाही, बोलत नाही. मी फॉर्म घेऊन समोर बसले. झोप लागते का? हो. भूक लागते का? हो. आवाज येतात का? त्या म्हणाल्या, "येतत ना. गाडीचे." मी 'भास : नाहीत' असं लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

तिसऱ्या दिवशी आयाबाई मला म्हणाल्या, "सिस्टर, ह्यांचा तांब्या सकाळी भरून ठेवते, तो रात्री तसाच असतो." जाऊन पाहिलं तर जीभ कोरडी, नाडी जलद, लघवी गडद पिवळी. सलाइन लावावं लागलं. संध्याकाळी मी त्यांच्या केसांतला गुंता सोडवत होते. फणी अडकली, की मी हाताने बट मोकळी करायची. दहा-पंधरा मिनिटं आम्ही दोघीही काही बोललो नाही. मग त्या आपणहून म्हणाल्या, "पाणी पिया नको म्हणान सांगता." मी विचारलं, "कोण?" "दिसणा नाय. बाप्याचो आवाज."

माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी पुस्तकातला शब्द वापरला आणि त्यांनी त्याचं अगदी खरं उत्तर दिलं. तेव्हापासून मी असं विचारते : आजूबाजूला कोणी नसताना कोणी बोलल्यासारखं ऐकू येतं का? बाईचा आवाज की पुरुषाचा? काय सांगतो? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्याने सांगितलं तसं कधी केलंत का? हुकूम देणारा आवाज असेल, तर या शेवटच्या उत्तरावर रुग्णाला किती धोका आहे ते ठरतं.

मानसिक स्थितीची तपासणी तुम्ही पाठ केली आहे : पेहराव, वागणं, बोलणं, मनःस्थिती, विचार, संवेदन, भान, स्मृती, स्वतःच्या आजाराची जाण. हे सगळं हवंच. पण प्रश्न माणूस बघून विचारा. शाळेची पायरी न चढलेल्या भाजीवालीला शंभरातून सात-सात वजा करायला सांगून तिचं लक्ष कसं कळणार? तिला वीस रुपयांचा हिशेब घाला, किंवा रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. रोज लोकलने जाणाऱ्याला विचारा, दादरहून कुर्ल्याला जाताना मधे काय काय लागतं? माटुंगा, शीव. मग तेच उलटं सांगायला सांगा. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणजे काय, हा प्रश्न मराठी माणसासाठी ठीक आहे. गोरखपूरहून आलेल्या भावाला ती म्हण कळली नाही, तर तो त्याचा आजार नव्हे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हाड मोडलं म्हणून ऑर्थोपेडिक वॉर्डात आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भिंतीवरचे किडे झटकू लागला, थरथरू लागला, घामाघूम झाला, तर 'वेड लागलं' असं म्हणू नका. त्याची दारू अचानक सुटली आहे. अशाने जीव जाऊ शकतो. म्हाताऱ्या माणसाला एकाएकी दिवस-रात्र कळेनाशी झाली, तर आधी ताप, साखर, सोडियम आणि लघवीचा संसर्ग बघा. नजरेसमोर काहीबाही दिसतंय आणि रात्री ते वाढतंय, तर संशय आधी शरीरावर घ्यायचा.

आता बोलण्याबद्दल. हिल्डेगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेने 1952 साली मांडलं, की नर्स आणि रुग्ण यांचं नातं हाच उपचाराचा गाभा आहे, आणि त्या नात्यात नर्सची पहिली भूमिका अनोळखी व्यक्तीची असते. मला हे फार पटतं. आपण गणवेश घातला म्हणून समोरच्याने मन उघडं करावं, असं कुठे आहे? आधी आपलं नाव सांगा आणि विचारा, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? सरसकट 'आजी' म्हटलेलं सगळ्यांना रुचत नाही. सासूबाई शेजारी बसून सुनेची उत्तरं देत असतील, तर त्यांना प्रेमाने चहा घ्यायला पाठवा. आपल्या वॉर्डात खाटेला खाट लागलेली असते, खोली मिळत नाही. निदान पडदा ओढा आणि आवाज खाली आणा.

'असं का केलंत?' हा प्रश्न जाब विचारल्यासारखा लागतो. 'तेव्हा काय झालं होतं?' असं विचारा. 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल' हे तर मला ऐकवतच नाही. तुम्हाला कुठे माहीत आहे सगळं ठीक होईल ते? शेजारी जेवणात विष घालतात असं कोणी म्हणालं, तर वाद घालू नका आणि होला होही करू नका. म्हणा, "तुम्हाला भीती वाटतेय हे मला कळतंय. मला मात्र तसं काही दिसलेलं नाही." पुढे गप्प बसा. तो गप्प बसण्याचा वेळ आपल्यालाच जड जातो, म्हणून आपण बडबड करतो.

आणि मरणाबद्दल थेट विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते ही भीती खोटी आहे. 'जगणं नको वाटतं का?' इथून सुरू करा. मग स्वतःला संपवावं असं मनात येतं का, काही ठरवलं आहे का, आजही तसं वाटतंय का, इथपर्यंत या. रुग्ण म्हणेल, "सिस्टर, कोणाला सांगू नका." असं वचन द्यायचं नाही. तुमच्या जिवाला धोका असेल तर डॉक्टरांना सांगावंच लागेल, हे तोंडावर सांगा. लोक ते समजून घेतात. विष प्यायलेल्या मुलीचे वडील कानाशी येऊन 'चुकून घेतलं असं लिहा' म्हणतात, तेव्हा त्यांना पोलिसांची धास्ती असते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 त्यांना शांतपणे समजावा : असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच कायदा धरून चालतो, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. घरी सोडताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कागदावर लिहून द्या. तिथे रात्रीही फोन उचलतात.

नोंद लिहिताना रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहा. 'असहकारी' हा शब्द मी त्या बाईंच्या केसपेपरवर लिहिला होता. दुसऱ्या दिवशी आलेल्या सिस्टरने तो वाचला आणि तीही त्यांच्याजवळ बसली नाही. 'पाणी पिया नको म्हणान सांगता' हे पाच शब्द पहिल्याच दिवशी तिथे असते, तर सलाइनची वेळ आली नसती.

आता दोघं-दोघं समोरासमोर बसा. एकाने रुग्ण व्हायचं. दुसऱ्याने दहा मिनिटं बोलायचं, कागद न घेता. मी मधे येणार नाही.