मग पुढे कोणाला सांगता?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'सायबर हल्ला आणि सहा तासांचा नियम'. त्या नियमावर येतेच. पण आधी माझ्या कामाविषयी बोलू द्या. सोलापुरात कोणाला सांगितलं, की मी सायबर सुरक्षेत बिझनेस प्रोसेस ॲनालिस्ट आहे, की समोरचा मोबाइल पुढे करतो, 'हा हँग होतोय, जरा बघ ना.'

मी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणारी यंत्रणा, लावत नाही. मी विचारत फिरते. काम कोणाकडून सुरू होतं, कोणाच्या हातात काय पडतं, तो पुढे कोणाला सांगतो. मग ते कागदावर काढते. प्रत्येक विभागाला एक आडवा पट्टा, पट्ट्यात चौकोन, चौकोनातून निघणारे बाण. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात शिरतो, त्या जागेला मी लाल पेनाने गोल करते. माझं ठाम मत आहे, की घात तिथेच होतो. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा पुढच्याने पेलली हे बघितल्याशिवाय आधीचा हात सोडत नाही. कंपन्यांत सोडतात.

एका कंपनीत, नाव घेणार नाही, मी सॉकमध्ये रात्रपाळीला बसले होते. सॉक म्हणजे जिथे चोवीस तास स्क्रीनवर पहारा असतो ती खोली. शेजारचा पोरगा आपल्या अक्कलकोटचा. अडीचच्या सुमाराला अलर्ट आला: अकाउंट्समधल्या एकाचं लॉगिन, भलत्याच देशातून. पोराने लगेच तिकीट, म्हणजे त्या घटनेची नोंद, उघडलं, स्क्रीनशॉट जोडला, सिव्हिरिटी, म्हणजे गांभीर्य, 'हाय' टाकली. काम चोख. मी विचारलं, 'मग पुढे कोणाला सांगतोस?' त्याने एस्कलेशनची, म्हणजे वर कोणाला कळवायचं त्या नावांची, एक्सेल शीट उघडली. पहिल्या नावाला फोन लावला, बंद. 'मॅडम, हे सर दिवाळीतच सोडून गेलेत.' दुसरे रजेवर. तिसऱ्या ओळीत माणूसच नव्हता, ग्रुपचा मेल आयडी होता, आणि तो सकाळी साडेनऊला ऑफिस भरल्यावर वाचला जायचा. त्याने मेल टाकला, तिकिटावर 'इन्फॉर्म्ड' लिहिलं. महिनाअखेरच्या अहवालात हे तिकीट हिरवं, म्हणजे सगळं ठीक, दिसतं!

सकाळी बोलणी कोणी खाल्ली? त्या पोराने. मला या गोष्टीचा अजून राग येतो. ती शीट ताजी ठेवणं कोणाचं काम, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एचआरला वाटायचं आयटीचं, आयटीला वाटायचं सॉकचं. शीटला मालकच नव्हता.

हे लहान कंपनीतच होतं असं समजू नका. अमेरिकेतली इक्विफॅक्स घ्या, लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी. मार्च 2017 मध्ये अपाची स्ट्रट्स या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी जाहीर झाली. 48 तासांत पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, लावा, असा मेल कंपनीत फिरला. पण मेलची यादी जुनी, ज्यांनी पॅच लावायचा त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. मे महिन्यात चोर शिरले. बाहेर जाणारा डेटा तपासणारं उपकरण होतं, पण सांकेतिक डेटा उघडून बघायला लागणाऱ्या त्याच्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपलेली, म्हणून त्याला काही दिसत नव्हतं. जुलैअखेर सर्टिफिकेट बदललं, तेव्हा चोरी उघडी पडली. 14 कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली होती. पॅच उपलब्ध, उपकरण उपलब्ध, पैसाही होता. यादी आणि मुदत बघणारा माणूस ठरलेला नव्हता.

इथे टॉवेल निर्यात करणारी मंडळी बसलीत, त्यांच्यासाठी एक. तुमच्या परदेशी ग्राहकाला तुमच्याच नावाने मेल जातो, 'आमचं बँक खातं बदललंय.' तो पैसे भरतो, ते चोराला जातात. ऑर्डर घेतानाच ग्राहकाला लिहून द्या, की खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या नंबरवर फोन करून आमच्या ठरलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय पैसे पाठवू नका. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, तोही चोराचाच असतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर नियम. सर्ट-इन, म्हणजे सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था, तिचे निर्देश 28 एप्रिल 2022 चे. ठरावीक प्रकारचे सायबर प्रकार लक्षात आल्यापासून, किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून, 6 तासांत सर्ट-इनला कळवायचे. आता ते अडीचचं तिकीट आठवा. पोराच्या लक्षात अडीचला आलं, म्हणजे मुदत साडेआठला संपली, आणि मेल साडेनऊला उघडला! म्हणून रात्री निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला, हे नावानिशी लिहा, साहेब नसतील तेव्हाचं नावही लिहा. लॉग, म्हणजे सिस्टिममध्ये काय काय घडलं त्याच्या नोंदी, 180 दिवस भारतात ठेवायचे आहेत, ते कोणी तपासायचे तेही ठरवा. सर्व्हरची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आहेत. ती जुळली नसतील तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच सांगता येत नाही.

कॉमर्सच्या मुलांनो, मीही तुमच्यातलीच. व्हाउचरवर कोणाची सही आधी, कोणाची नंतर, हे ज्याला कळतं त्याला हे काम जमतं. कोडिंग लागत नाही, विचारायची लाज वाटून चालत नाही.

आणि कंपनीवाल्यांनो, एस्कलेशन शीटमधला प्रत्येक नंबर महिन्यातून एकदा लावून बघा. रात्री अडीचला लावा, दिवसा सगळेच उचलतात.