चौदा फूट उंचीची खोली

(भायखळा, सकाळची वर्दळ)

रस्त्यावर बेस्टची बस, पाठीला भिंत, आणि मधल्या पट्ट्यात स्टोव्ह, हंडे, दोरीवरचे कपडे. या फुटपाथवर माणसांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या.

१९८१मध्ये सरकारने या झोपड्या उठवायच्या ठरवल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५च्या जुलैत निकाल आला: पोट भरण्याचं साधन हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पुढे मात्र हेही होतं, की पावसाळा सरला, ३१ ऑक्टोबर उलटला, की पालिकेला फुटपाथ मोकळा करता येईल.

पालिकेच्या दवाखान्याच्या आवारात एक गॅरेज होतं. 'स्पार्क' ही तेव्हाची नवी संस्था तिथून काम करायची. रस्त्यावरच्या बाया तिथे येऊन बसू लागल्या. त्याच वर्षी सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी झाली. बहुतेकजण कामाला चालत जाणारे निघाले. फुकट्यांची वस्ती म्हणणाऱ्यांनी तो अहवाल वाचला की नाही, कोण जाणे.

(पिशवी, जवळून)

१९८६मध्ये 'महिला मिलन' ही याच बायांची संघटना उभी राहिली. बचत रोजची, दारोदार फिरून. लिहिता-वाचता येणाऱ्या थोड्याच, म्हणून प्रत्येकीची एक प्लॅस्टिकची पिशवी आणि आत रंगीत कागदाचे कपटे. रंगावरून रक्कम ठरलेली. पिशवी उलटी केली की हिशेब समोर. कोणाचं पोर आजारी पडलं, कोणाचा रोजगार बुडाला, तर कर्ज याच पैशातून. आणि कोणाला द्यायचं हे गल्लीतल्या बायाच ठरवणार, कारण कोणाची चूल पेटली नाही हे त्यांना आधी कळतं.

(साडीने माप घेणारे हात. हे दृश्य जरा जास्त वेळ ठेवलंय, मुद्दाम.)

मग घराचा विषय निघाला. भिंत किती लांब, छत किती उंच, ते साडी धरून मोजलं. बांबू आणि कापडाचं पूर्ण मापाचं घर उभं केलं, आत शिरून पाहिलं, मोडलं, पुन्हा बांधलं. जागा लहानच मिळणार हे माहीत होतं, म्हणून छत चौदा फुटांवर मागितलं: वर पोटमाळा, मुलं तिथे झोपतील. संडास घरात नको, काही घरांत मिळून एक, बाहेर, असं त्यांचं म्हणणं. इंजिनिअर लोकांशी त्यावरून वाद झाले. बाया हटल्या नाहीत.

(मानखुर्द, मिलन नगर)

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयांचा समावेश व्हायलाही नव्वदचं दशक उजाडलं. आता यातल्या अनेकजणी इथे राहतात, पोटमाळ्यासकट. भायखळ्याची कामं लांब पडली, महिन्याचा देखभाल खर्च मागे लागला, आणि शहरातले सगळेच फुटपाथ काही रिकामे झालेले नाहीत.

पुण्यापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या वस्त्यांमधल्या बाया ही बचत आणि मोजणी शिकायला मुंबईत येऊन गेल्या. शिकवायला याच बसल्या होत्या.