कुठेही असलो तरी बरंच

नमस्कार मंडळी.

वय वाढतं तसं हसू कमी होत जातं, हे मी जवळच्या माणसांमध्ये पाहिलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं. म्हणून आज कीथ रिचर्ड्सबद्दल बोलतो. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचा हा गिटारवादक 18 डिसेंबर 1943 ला इंग्लंडमधल्या डार्टफर्डला जन्मला.

मंचावर आला की त्याचं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘इथे येऊन बरं वाटतंय. कुठेही असलो तरी बरंच वाटतं म्हणा!’ लोक खळखळून हसतात, कारण त्यामागचं आयुष्य त्यांना ठाऊक असतं. हेरॉइनच्या व्यसनाच्या दिवसांत, 1970 च्या दशकात, लवकर मरतील अशा रॉक कलाकारांच्या यादीत याचं नाव पहिलं असे. दहा वर्षं आपण अव्वल होतो आणि यादीतून नाव गेलं तेव्हा फार वाईट वाटलं, असं तो सांगतो. 2006 मध्ये फिजीत झाडावरून पडला, ऑकलंडला मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्याच जुलैत, 62 व्या वर्षी, हा पुन्हा मंचावर!

पण मला खरं बोलायचंय ते त्याच्या बोटांबद्दल. संधिवातानं त्याची पेरं सुजून वाकडी झाली आहेत, फोटोतही दिसतात. 2023 मध्ये बीबीसीनं त्याबद्दल विचारलं, तर म्हणाला की दुखत काही नाही, हा त्यातला सौम्य प्रकार असावा. एखादी गोष्ट पूर्वीसारखी जमेनाशी झाली की गिटारच दुसरी वाट दाखवते. बोट एक घर इकडेतिकडे पडतं आणि काहीतरी नवंच सापडतं. हे ऐकून मी थक्क झालो. मग आठवलं, 1960 च्या दशकाच्या अखेरीस यानं गिटारची सहावी, सर्वांत जाड तार काढून टाकली होती आणि उरलेल्या पाच तारा वेगळ्या सुरांत लावल्या होत्या. आपण ज्याला ‘कीथचा आवाज’ म्हणतो तो बराचसा त्या पाच तारांतला आहे. एक तार कमी करून वाजवायची सवय त्याला पंचविशीतच लागली होती. आता बोटं कमी साथ देतात, तेव्हा तीच सवय उपयोगी पडत असेल, असं मला मनापासून वाटतं.

हसतो म्हणून तो बेफिकीर आहे असं मात्र समजू नका. सिगारेट त्यानं उतारवयात सोडली, दारूही बरीच कमी केली. 2021 मध्ये बँडचा ड्रमवादक चार्ली वॉट्स गेला. जवळपास साठ वर्षांची साथ होती. त्यानंतरही बँडनं 2023 मध्ये नव्या गाण्यांचा अल्बम काढला, आधीचा तसा अल्बम 2005 चा.

आणि 2024 चा अमेरिकेचा दौरा! त्याची प्रायोजक होती एएआरपी, पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी काम करणारी संस्था. बँडचा गायक मिक जॅगर 80 वर्षांचा, कीथही 80 चा, आणि समोर स्टेडियम भरलेलं.